सिरॅमिकमध्ये ग्राफीन ऑक्साइड: चीर अडते कुठे आणि सुरू होते कुठे

हीट ट्रीटमेंटची भट्टी चालवणाऱ्याला सिरॅमिकचं एक दुखणं तोंडपाठ असतं. थर्मोकपलवरची (भट्टीचं तापमान मोजणाऱ्या तारांवरची) अ‍ॅल्युमिनाची (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची) पांढरी नळी महिनोन्‌महिने हजार-बाराशे अंश सेल्सिअस सोसते. ती गंजत नाही, वाकत नाही. मग एके दिवशी दुरुस्तीच्या घाईत हातातला पाना निसटून तिच्यावर पडतो आणि नळीचे दोन तुकडे होतात. किंवा जुलैच्या पावसात गळक्या पत्र्यातून चार थेंब तापलेल्या नळीवर पडतात आणि आरपार तडा जातो. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात भट्टीच्या नळ्या, वेल्डिंगचे नोझल, बिडाचे ब्रेक ड्रम कापणारे सिरॅमिकचे इन्सर्ट असं बरंच काही याच एका कारणाने भंगारात जातं.

या दुखण्यावर संशोधक जे उपाय सुचवतात, त्यातला एक म्हणजे सिरॅमिकच्या पावडरीत अगदी थोडं ग्राफीन ऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजन जोडलेले कार्बनचे अतिपातळ पापुद्रे, मिसळणं. उपाय खरा आहे. मात्र मिसळण्यात चूक झाली तर तुकडा आधीपेक्षा कमजोर होतो. हे नेमकं का होतं ते कळलं, की बाकीची कृती पाठ करावी लागत नाही.

ठिसूळ म्हणजे काय

लोखंडाला ठोकलं तर त्याला पोचा पडतो. धातूतले अणूंचे थर एकमेकांवरून सरकू शकतात, त्यामुळे चिरेच्या टोकाशी साठलेला ताण धातू वाकण्यात खर्च होतो आणि टोक बोथट होतं. सिरॅमिकमधले बंध घट्ट आणि ठरावीक दिशेचे. थर सरकत नाहीत, टोक बोथट होत नाही, सगळा ताण त्या टोकावर एकवटतो आणि चीर धावत सुटते.

म्हणून सिरॅमिकच्या बाबतीत तीन शब्द वेगळे ठेवावे लागतात. कठीणपणा म्हणजे ओरखडा न पडणं. त्यात अ‍ॅल्युमिना पोलादाला सहज मागे टाकतं. ताकद म्हणजे तुटेपर्यंत किती ताण सोसला. आणि चिवटपणा म्हणजे चीर आधीच असताना ती पुढे जायला किती जोर लागतो. चिवटपणा मेगापास्कल-वर्गमूळ-मीटर या अवघड नावाच्या एककात मोजतात. इथे नुसता आकडा देऊ. काचेचा साधारण ०.७, अ‍ॅल्युमिनाचा ३ ते ४, सिलिकॉन कार्बाइडचा जवळपास तेवढाच, चांगल्या सिलिकॉन नायट्राइडचा ६ ते ८, आणि बांधकामातल्या पोलादाचा ५० च्या वर.

आता एक छोटं गणित. पुढचा सगळा लेख त्यावर उभा आहे. तुकडा कोणत्या ताणाला तुटेल हे ढोबळमानाने असं काढतात: चिवटपणाला, चिरेची लांबी गुणिले पाय (π, म्हणजे ३.१४) यांच्या वर्गमुळाने भागायचं. लांबी मीटरमध्ये घ्यायची. समजा अ‍ॅल्युमिनाचा चिवटपणा ३.५ आहे आणि त्यात सगळ्यात मोठी खोट, म्हणजे एखादं छिद्र किंवा बारीक चीर, ५० मायक्रॉनची आहे. उत्तर येतं सुमारे २८० मेगापास्कल. ग्राफीन ऑक्साइड घालून चिवटपणा ५ वर नेला आणि खोट तेवढीच राहिली, तर ४०० मेगापास्कल. मोठीच कमाई. पण घातलेल्या ग्राफीन ऑक्साइडची गुठळी झाली आणि ती गुठळी १०० मायक्रॉनची खोट ठरली, तर चिवटपणा ५ असूनही उत्तर येतं २८२ मेगापास्कल. म्हणजे खर्च केला, मेहनत केली आणि होतो तिथेच राहिलो. गुठळी २०० मायक्रॉनची असेल तर २०० मेगापास्कल, म्हणजे साध्या अ‍ॅल्युमिनापेक्षाही कमी.

चीर अडवणारा आणि चीर सुरू करणारा पदार्थ एकच असतो. तो यातलं काय करणार हे तो किती पसरला यावर ठरतं.

ग्राफीन नको, ग्राफीन ऑक्साइड का

पेन्सिलीतलं ग्राफाइट म्हणजे कार्बनच्या पापुद्र्यांची चवड. दोन पापुद्र्यांमधलं अंतर ०.३३५ नॅनोमीटर. त्यातला एक पापुद्रा सुटा केला की ते ग्राफीन. २००४ मध्ये मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोवोसेलोव यांनी तो चिकटपट्टीने सुटा करून दाखवला आणि २०१० मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. या पापुद्र्याची ताकद मोजली तर १३० गिगापास्कलच्या आसपास येते. मोह होतो तो या आकड्याचाच.

पण ग्राफीन पाण्यात टिकत नाही. पापुद्रे पाण्याला भितात, एकमेकांना चिकटतात आणि पुन्हा ग्राफाइटच्या कणासारखे होऊन बसतात. ग्राफीन ऑक्साइडमध्ये याच पापुद्र्यावर ऑक्सिजनचे गट बसवलेले असतात, कार्बनच्या दोन अणूंमागे ढोबळ एक ऑक्सिजन. त्यामुळे ते पाण्यात आपोआप पसरतं आणि चहासारखं तपकिरी दिसतं. ऑक्सिजनमुळे पापुद्र्याची ताकद बरीच उतरते आणि वीज जवळजवळ वाहत नाही. हे नुकसान आपण जाणूनबुजून पत्करतो, कारण भट्टीत गेल्यावर ऑक्सिजनचे बरेच गट निघून जातात आणि पापुद्रा पुन्हा ग्राफीनच्या जवळ येतो. पाण्यात मिसळताना ऑक्साइड, भाजल्यावर ग्राफीनच्या जवळचा कार्बन: दोन्हीचा फायदा एकाच पदार्थातून मिळतो.

ते बनवण्याची रीत जुनी आहे. ब्रॉडी यांनी १८५९ मध्ये ग्राफाइटचं ऑक्सिडीकरण केलं. हमर्स आणि ऑफमन यांची गंधकाम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटची पद्धत १९५८ ची. २०१० मध्ये राइस विद्यापीठातून आलेल्या सुधारित पद्धतीत सोडियम नायट्रेट काढून टाकलं, त्यामुळे विषारी नायट्रोजन ऑक्साइड वायू निघणं थांबलं. आमचं स्पष्ट मत आहे की सिरॅमिकवर काम करायचं असेल तर ग्राफीन ऑक्साइड तयार विकत घ्यावं. परमँगनेट आणि तीव्र गंधकाम्ल एकत्र आले की तयार होणारं मँगनीज हेप्टॉक्साइड ५५ अंशांच्या आसपास स्फोट पावू शकतं, आणि धुण्याचं काम दिवसेंदिवस चालतं. धुणं अर्धवट राहिलं तर पोटॅशियमचे क्षार मागे राहतात, आणि असं कोरडं ग्राफीन ऑक्साइड ठिणगीनेही भुरकन पेटतं. विकत घेताना कोरडी पावडर टाळावी. पाण्यातलं, मिलीलिटरला २ ते ४ मिलिग्रॅमचं द्रावण घ्यावं. एकदा पूर्ण सुकलेले पापुद्रे पुन्हा सुटे करणं फार जड जातं.

पापुद्रे चिरेचं काय करतात

जुन्या वाड्यांच्या भिंतींवर मातीचा गिलावा करताना त्यात पेंढा किंवा तागाचे तुकडे घालत. गिलाव्याला भेग पडली तरी काडी दोन्ही कडांना धरून ठेवते आणि पोपडा गळून पडत नाही. सिरॅमिकमध्ये होतं ते याच जातीचं, फक्त काडीऐवजी पापुद्रा आणि मोजमाप लाखपट बारीक.

भाजलेलं सिरॅमिक म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या दाण्यांची भिंत. पापुद्रे दाण्यांच्या सांध्यात बसतात, काही वेळा दाण्याभोवती गुंडाळले जातात. चीर येते तेव्हा ती पापुद्र्याला आपटून वळते, तिचा रस्ता लांबतो. जिथे ती पापुद्र्याच्या पलीकडे जाते तिथे पापुद्रा पुलासारखा दोन्ही कडांना धरून ताणला जातो, मग हळूहळू ओढून बाहेर निघतो. या ओढण्यात ऊर्जा खर्च होते. ओढला जाण्यासाठी पापुद्रा ना फार घट्ट चिकटलेला हवा, ना फार सैल. घट्ट असेल तर तो चिरेसोबत कापला जातो, सैल असेल तर काही न करता सुटतो.

चौथा परिणाम बऱ्याचदा हिशोबातच धरत नाहीत. पापुद्रे सांध्यात अडकल्याने भाजताना दाणे वाढत नाहीत. बारीक दाण्यांचं सिरॅमिक मुळातच जास्त ताकदीचं असतं. म्हणून "ग्राफीन ऑक्साइडने ताकद ३० टक्के वाढली" असं कोणी सांगितलं, तर पहिला प्रश्न हा विचारावा: तुलनेसाठी घेतलेल्या साध्या तुकड्याचे दाणे तेवढेच बारीक होते का? नसतील तर त्या वाढीतला किती भाग पापुद्र्यांचा हे सांगताच येत नाही.

आकड्यांचा असाच एक नमुना प्रसिद्ध आहे. २०११ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या गटाने सिलिकॉन नायट्राइडमध्ये घनफळाने १.५ टक्का ग्राफीन घालून चिवटपणा २.८ वरून ६.६ वर नेला. काम उत्तम आहे. चीर ग्राफीनच्या भिंतीला टेकून कशी वळते हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. पण सुरुवातीचा २.८ हा सिलिकॉन नायट्राइडसाठी कमी आकडा आहे. लांबट, एकमेकांत गुंतलेल्या दाण्यांचं सिलिकॉन नायट्राइड ग्राफीनशिवायही ६ ते ८ देतं. दुप्पट झालं हे वाचताना कशाच्या दुप्पट हे पाहायला हवं.

एक टक्का म्हणजे किती

प्रमाण नेहमी घनफळात बोलतात, वजन मात्र तराजूवर करायचं असतं. इथे दोन चुका होतात.

पहिली घनतेची. अ‍ॅल्युमिनाची घनता ३.९७, कार्बनच्या पापुद्र्यांची साधारण २.२ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. घनफळाने १ टक्का हवं असेल तर वजनाने ०.५६ टक्के लागतं, म्हणजे १०० ग्रॅमच्या घाण्यात ०.५६ ग्रॅम.

दुसरी चूक जास्त महाग पडते. ०.५६ ग्रॅम हे भाजल्यानंतर उरलेल्या कार्बनचं वजन आहे, मिसळायच्या ग्राफीन ऑक्साइडचं नाही. तापवताना त्यातलं पाणी, कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइड निघून जाऊन वजन ४० ते ५० टक्क्यांनी घटतं. आपल्या मालाचं उरणारं वजन थर्मोग्रॅव्हिमेट्रीने (तापवत तापवत वजन मोजण्याच्या पद्धतीने), आरगॉनमध्ये, ८०० अंशांपर्यंत एकदा मोजून घ्यावं. समजा ५५ टक्के उरलं, तर ०.५६ साठी १.०२ ग्रॅम घ्यावं लागेल. मिलीलिटरला ४ मिलिग्रॅमच्या द्रावणाचे २५५ मिलीलिटर.

बाटलीवर लिहिलेल्या तीव्रतेवरही विसंबू नये. १० मिलीलिटर द्रावण वजन केलेल्या बशीत ५०–६० अंशांवर सुकवून वजन करावं. ग्राफीन ऑक्साइड हवेतली ओल शोषतं. पुण्यात ऑगस्टमध्ये उघडी ठेवलेली बशी अर्ध्या तासात जड होते, म्हणून ओव्हनमधून थेट डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवून गार करावी आणि लगेच तोलावी.

किती घालावं? घनफळाने ०.५ ते १.५ टक्का या पट्ट्यात सुरुवात करणं शहाणपणाचं. २ टक्क्यांच्या पुढे पापुद्रे एकमेकांवर चढू लागतात, कठीणपणा उतरतो आणि तुकडा पूर्ण घट्ट भाजला जात नाही.

मिसळणं

पिठलं करणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. उकळत्या पाण्यात कोरडं बेसन एकदम टाकलं की गुठळ्या होतात, आणि एकदा झालेली गुठळी कितीही घोटली तरी आत कोरडीच राहते. म्हणून बेसन आधी गार पाण्यात कालवतात. इथेही दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या, पातळ, पाण्यात कालवून मगच एकत्र करायच्या.

पाणी डीआयोनाइज्डच हवं. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पापुद्र्यांच्या कडांना एकमेकांशी बांधून टाकतं. द्रावण डोळ्यांदेखत फाटलेल्या दुधासारखं होतं. नळाचं पाणी गोडं असलं तरी त्यातही क्षार असतातच.

ग्राफीन ऑक्साइडचं द्रावण मिलीलिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत पातळ करून अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ३० ते ६० मिनिटं ठेवावं. प्रोब वापरायचा तर बर्फात भांडं ठेवून, थोडा वेळ चालू थोडा वेळ बंद असा वापरावा. जास्त वेळ प्रोब चालवला तर पापुद्र्यांचे तुकडे होतात, आणि आखूड पापुद्रा पूल बांधू शकत नाही. दुसऱ्या भांड्यात १०० ग्रॅम अ‍ॅल्युमिना, कण अर्ध्या मायक्रॉनच्या आतले, ३०० मिलीलिटर पाण्यात घेऊन पातळ नायट्रिक आम्लाने पीएच ४ वर आणायचा.

पीएच ४ का? अ‍ॅल्युमिनाच्या पृष्ठभागावर पीएच ८–९ च्या खाली धन भार असतो. ग्राफीन ऑक्साइडवर जवळपास सगळीकडे ऋण भार. पीएच ४ ला दोघांचे भार पुरेसे तगडे आणि उलट असतात, त्यामुळे पापुद्रा दुसऱ्या पापुद्र्याकडे न जाता अ‍ॅल्युमिनाच्या कणाला चिकटतो. पीएच १० ला दोन्ही ऋण होतात. वाटीत सगळं छान पसरलेलं दिसतं, पण सुकवताना हलका पापुद्रा आणि जड कण वेगळे होतात.

अ‍ॅल्युमिना जोरात ढवळत ठेवून त्यात ग्राफीन ऑक्साइड थेंब थेंब सोडायचं, अर्धा-पाऊण तास घ्यायचा. उलट करू नये, कारण तेव्हा सुरुवातीच्या थोड्याशा कणांवर सगळे पापुद्रे तुटून पडतात. सोडून झाल्यावर ढवळणं थांबवून १० मिनिटं थांबा. वरचं पाणी नितळ झालं तर सगळे पापुद्रे कणांवर बसले. वरचं पाणी तपकिरी राहिलं तर पीएच तपासा, बहुतेक वेळा तो ५–६ वर सरकलेला असतो. एवढी स्वस्त आणि एवढी भरवशाची तपासणी या कामात दुसरी नाही.

यानंतर बॉल मिलमध्ये १२ तास, अ‍ॅल्युमिनाच्याच गोळ्या वापरून. झिर्कोनियाच्या गोळ्या झिजून घाण्यात झिर्कोनिया जातं, आणि झिर्कोनिया स्वतःच अ‍ॅल्युमिनाचा चिवटपणा वाढवतं. मग श्रेय कोणाचं ते कळत नाही.

सुकवणं हा सगळ्यात जास्त घाणे बिघडवणारा टप्पा. ट्रेमध्ये ओतून ओव्हनमध्ये ठेवलं की पाणी आटताना पापुद्रे वर येऊन साय धरतात आणि ती साय चामड्यासारखी होते. कुटली तरी तिचे खवले राहतात, आणि खवला म्हणजे वरच्या गणितातली १०० मायक्रॉनची खोट. फ्रीझ ड्रायर सर्वांत उत्तम. नसेल तर रोटरी इव्हॅपोरेटर, किंवा निदान घट्ट होईपर्यंत गरम प्लेटवर सतत ढवळणं. सुकलेली पावडर १५० मायक्रॉनच्या चाळणीतून काढावी. चाळताना कण हवेत उडतात, म्हणून एन-९५ मुखवटा आणि हूड दोन्ही.

भट्टी

ग्राफीन ऑक्साइड २०० अंशांच्या आसपास एकदम वायू सोडतं. पावडर साच्यात दाबून, मिनिटाला शंभर अंशांनी तापवली तर हा वायू बाहेर पडायला वाट शोधतो, साच्यातून पावडर उडते किंवा तुकडा पोटातून फुगतो. म्हणून आधी सुटी पावडर आरगॉनमध्ये मिनिटाला १–२ अंशांनी ५०० अंशांपर्यंत न्यायची, तासभर ठेवायची. तपकिरी-करडी पावडर काळपट होते. आधी आणि नंतर वजन करा. घट अपेक्षेप्रमाणे आली की नाही ते इथेच कळतं.

घट्ट भाजण्यासाठी दाब लागतोच. नुसत्या उष्णतेने भाजलं तर पापुद्रे दाण्यांना जवळ येऊ देत नाहीत आणि छिद्रं राहतात. सोयीची पद्धत म्हणजे स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंग: ग्राफाइटच्या साच्यातून थेट वीज सोडून, निर्वातात, दाब देत तापवणं. २० मिलीमीटर व्यासाच्या साच्यात ४ मिलीमीटर जाडीची चकती हवी असेल तर ५ ग्रॅम पावडर लागते. ५० मेगापास्कल दाबासाठी दट्ट्यावर १.६ टन भार. अ‍ॅल्युमिनासाठी १४०० ते १५०० अंश, ३ ते ५ मिनिटं. हॉट प्रेस असेल तर ३० मेगापास्कलला १५५० अंश आणि तासभर. एवढ्या वेळात दाणे मात्र वाढतात. त्याहून जास्त तापवू नये. फार वरच्या तापमानाला कार्बन आणि ऑक्साइड सिरॅमिक एकमेकांशी क्रिया करतात, कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि आत छिद्रं होतात. झिर्कोनियाच्या बाबतीत ही भीती जास्त, तिथे सांध्यांत झिर्कोनियम कार्बाइड तयार होतं.

साध्या हवेच्या भट्टीत भाजलं तर काय? ५००–६०० अंशांना कार्बन जळून जातो आणि त्याच्या जागी पोकळ्या राहतात. चकती छान पांढरी निघते आणि कमजोर असते. भाजलेल्या तुकड्याचा रंग म्हणूनच लक्षात ठेवावा: आरपार करडा-काळा असेल तर कार्बन शाबूत आहे, कडेने पांढरी किनार असेल तर तेवढा भाग जळला आहे.

तपासणी

पहिली घनता, पाण्यात बुडवून. १ टक्क्याच्या मिश्रणाची पूर्ण घनता ३.९५ धरायची (०.९९ गुणिले ३.९७ अधिक ०.०१ गुणिले २.२). मोजलेली ३.८७ आली तर ९८ टक्के. याच्या खाली असेल तर चिवटपणा मोजत बसू नये, आधी भाजणं सुधारावं.

मग रामन वर्णपट, म्हणजे लेझरचा प्रकाश पाडून परतलेल्या प्रकाशातले बदल मोजणं. १३५० आणि १५८० च्या आसपासची शिखरं म्हणजे कार्बन शिल्लक आहे. मात्र त्याआधी चकतीच्या दोन्ही बाजूंनी अर्धा मिलीमीटर घासून काढा. साच्याला लावलेल्या ग्राफाइटच्या कागदातला कार्बन पृष्ठभागात शिरलेला असतो, आणि मोजणारा त्यालाच आपलं ग्राफीन समजून बसतो. एक्स-रे विवर्तनात मूळ ग्राफीन ऑक्साइडचं शिखर १०–११ अंशांवर येतं, ते भाजल्यावर दिसता कामा नये. २६.५ अंशांवर टोकदार शिखर दिसलं तर पापुद्रे पुन्हा चवड होऊन ग्राफाइट झाले. घाणा गुठळ्यांचा आहे. पुण्यातल्या विद्यार्थ्यांना या यंत्रांसाठी लांब जावं लागत नाही. पाषाणच्या एका रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, जवळच आयसर ही विज्ञान संस्था आणि सी-मेट ही इलेक्ट्रॉनिक साहित्याची प्रयोगशाळा, खडकवासल्याकडे गिरीनगरला संरक्षण तंत्रज्ञानाची डीआयएटी. आपल्या मार्गदर्शकांमार्फत विचारावं.

चिवटपणा मोजताना सगळ्यात मोठी पळवाट म्हणजे विकर्सचा हिऱ्याचा ठसा मारून कोपऱ्यातून निघालेल्या चिरा मोजणं. पाच मिनिटांत आकडा मिळतो, पण त्यामागचं सूत्र साध्या, एकजिनसी सिरॅमिकसाठी बसवलेलं आहे. पापुद्रे असलेल्या तुकड्यात चीर मध्येच अडखळते, फुटते आणि आकडा फुगतो. घाण्यांची आपसात तुलना करायला ठीक. जगाला सांगायचा आकडा खाच पाडलेली पट्टी वाकवूनच काढावा. ३ बाय ४ बाय ४५ मिलीमीटरच्या पट्ट्या, निदान दहा. त्यातल्या सगळ्यात कमजोर पट्टीचा तुटलेला चेहरा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघा. चीर कुठून सुरू झाली तिथे काळा खवला दिसला, तर सुकवण्याच्या टप्प्याकडे परत जायचं.

दिशाही लिहून ठेवायची. दाबाखाली पापुद्रे आडवे झोपतात, पापडांच्या थप्पीसारखे. थप्पी आरपार छेदणाऱ्या चिरेला प्रत्येक पापुद्रा ओलांडावा लागतो; थप्पीला समांतर जाणारी चीर दोन थरांमधून सुळकन निघून जाते. एकाच चकतीत दोन दिशांना दोन आकडे येतात, आणि नळी किंवा नोझल बनवताना ताण कोणत्या दिशेने येणार हे आधी ठरवावं लागतं.

उष्णतेत ते टिकतं का

ज्या तापमानाला सिरॅमिक आरामात बसतं, तिथे उघड्या हवेत कार्बन जळतो. सिरॅमिक घट्ट असेल तर आतले पापुद्रे दाण्यांच्या भिंतीआड असतात आणि ऑक्सिजनला तिथवर पोचायला वेळ लागतो. पण पृष्ठभागालगतचे जातातच, आणि पापुद्र्यांचं प्रमाण इतकं वाढलं की ते एकमेकांना टेकून साखळी झाली, तर ती साखळी ऑक्सिजनला आत येण्याची वाट ठरते. कमी प्रमाणाच्या बाजूने हे आणखी एक कारण.

म्हणून हवेत दीर्घकाळ १००० अंशांच्या वर वापरायच्या अ‍ॅल्युमिनाच्या नळीसाठी आम्ही हा उपाय सुचवणार नाही. सिलिकॉन कार्बाइड किंवा सिलिकॉन नायट्राइडचा पाया असेल तर गोष्ट वेगळी: तापल्यावर त्यांच्या पृष्ठभागावर सिलिकाचा पातळ, काचेसारखा थर तयार होतो आणि तो आतल्या कार्बनचं रक्षण करतो. इस्रोच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने २०२४ मध्ये कार्बन-कार्बनचं रॉकेट नोझल जाहीर केलं तेव्हा त्यावर सिलिकॉन कार्बाइडचा लेप दिला होता, तो याच तत्त्वावर. निर्वात भट्ट्या, आरगॉन किंवा नायट्रोजनच्या भट्ट्या, आणि काही सेकंदच तापणारे कटिंग इन्सर्ट या ठिकाणी तर ही अडचण बरीच हलकी होते.

अचानक गार होण्याचा धक्का हा वेगळा हिशोब. साधं अ‍ॅल्युमिना २०० अंशांच्या फरकाने पाण्यात पडलं की तडकतं. पापुद्र्यांनी चिवटपणा वाढला तर तडा खोल जात नाही. पापुद्रे झोपलेल्या दिशेने उष्णताही बरी वाहते. तपासायला १० पट्ट्या २००, २५०, ३०० अशा तापमानांवरून खोलीच्या तापमानाच्या पाण्यात टाकून, मग वाकवून उरलेली ताकद मोजतात. जिथे ताकद एकदम कोसळते तो त्या मालाचा सोसण्याचा टप्पा.

एक फायदा सहज हाती येतो. १ ते ३ टक्क्यांच्या दरम्यान पापुद्र्यांची साखळी जुळली की सिरॅमिकमधून वीज वाहू लागते. रोधकता १०० ओहम-सेंटिमीटरच्या खाली आली तर तुकडा वायरकटवर (तारेतून विजेच्या ठिणग्या पाडून कापणाऱ्या यंत्रावर) कापता येतो. भोसरीच्या टूलरूममध्ये वायरकट जागोजागी आहे. हिऱ्याच्या चाकाने तासन्‌तास घासण्यापेक्षा गुंतागुंतीचा आकार तिथे लवकर निघतो. साखळी मात्र हवेत जळण्याची वाटही उघडते, हे वर आलंच आहे, त्यामुळे निर्णय तुकडा कुठे बसणार त्यावर घ्यायचा.

तो निर्णय घेण्याआधी एक चाचणी करावी. एक पट्टी नेमक्या वापराच्या तापमानाला, नेमक्या वापराच्या हवेत ५० तास ठेवा, मग मधोमध कापून भिंगाखाली पांढऱ्या किनारीची रुंदी मोजा. आणखी ५० तासांनी पुन्हा मोजा. किनार थांबली असेल तर पुढच्या पट्ट्या वाकवायला घ्या. वाढतच असेल तर अ‍ॅल्युमिना सोडून सिलिकॉन कार्बाइडचा पाया घ्या.